फ्यूजच्या जागी लावलेला बल्ब

आदरणीय वायरमनकाका,
सा. न. वि. वि.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, असे आपण बजावल्यामुळे हे जाहीर पत्र बिननावानेच लिहीत आहे. चिपळूणकडच्या जुन्या जीपवाल्यांना आपण कोण ते कळायचे तसे कळेलच.

माझी १९९४ची डिझेल जीप सलग दोन पावसाळे छळत होती. खडबडीत रस्ता लागला की मागच्या दिव्यांचा फ्यूज उडायचा आणि सकाळी स्टार्टर नुसता कण्हायचा. बॅटरी बदलून झाली, अल्टरनेटर दुरुस्त करून झाला, आणि अखेरीस एका गॅरेजने संपूर्ण वायरिंग नव्याने टाकण्याचे अंदाजपत्रक हाती दिले. आपण ते वाचलेही नाहीत. घडी घालून परत केलेत.

नंतर आपण जे केलेत ते माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी बारा व्होल्टचा साधा बल्ब जोडून त्या लाइनीवरचे बाकी सगळे बल्ब आपण काढून ठेवलेत आणि दिव्यांचे बटण चालू केलेत. करंटला जायला वाटच नसल्यामुळे तो बल्ब विझलेलाच राहिला. पण आपण मागच्या बंपरवर उभे राहून गाडी हेलकावू लागलात, तसा तो दर हिसक्याला लखकन पेटू लागला. म्हणजे तार कुठेतरी चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकत होती. मग वीतभर वीतभर चाचपत आपण डिझेल टाकीच्या वरच्या बाजूला पोहोचलात, तर तिथल्या छिद्रात तारेला जपणारे रबरी कडे, म्हणजे ग्रोमेट, केव्हाच गळून गेले होते आणि छिद्राच्या पत्र्याने तारेचे कातडे सोलून काढले होते. आतले तांबे काळे पडलेले पाहून, यावर झाळ धरणार नाही असे म्हणत, चकचकीत तांबे लागेपर्यंत आपण तार मागे कापत गेलात. मी असतो तर काळी टेप गुंडाळून मोकळा झालो असतो!

स्टार्टरचे दुखणे निराळेच निघाले. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून आपण मला चावी फिरवायला सांगितलेत; काटा १.४ व्होल्टवर गेला. तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, एवढेच आपण बोललात. म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेतच एवढे व्होल्ट गळत होते. इंजिनातून करंट परत नेणारी अर्थची वेणी सोडवली तर तिच्या टोकाखाली हिरवी भुकटी आणि गंज. नव्या बॅटरीवर घातलेले माझे पैसे फुकट गेले, हे आपण बोलून दाखवले नाहीत, याबद्दलही आभार.

यंदाच्या जुलैत कुंभार्ली घाट भर पावसात रात्रीचा तीनदा चढलो. फ्यूज तोच आहे. कापलेला तो काळा तुकडा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे. गणपतीला गावी येईन तेव्हा हेडलाइटला रिले (दिव्यांचा करंट बटणातून न नेता परस्पर जोडणारा स्विच) बसवून घ्यायचा आहे, तेव्हा कृपया एक सकाळ राखून ठेवावी.

आपला नम्र,
एक जीपवाला