सर, तुम्ही आईला विचारलंत

सर, सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी आईने विहिरीत दगड बांधून दोर सोडला. वर ओढला तेव्हा तो दीड परस भिजलेला होता. परस म्हणजे माणसाच्या उंचीवरून धरलेलं आमच्याकडचं खोलीचं माप. एप्रिल संपत आलाय. गेली तीन वर्षं या दिवसांत तळाला ओलसुद्धा नसायची. तिने तिथूनच हाक मारली, "सरांना कळव."

तुमच्या आधी पाणी बघायला बरेच जण येऊन गेले. तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारा आला. त्याच्या जागेवर २८० फुटांपर्यंत नुसता राखाडी फुफाटा उडाला. दुसऱ्या बोअरला एजंट म्हणत राहिला, "अजून थोडं जाऊ, लागेलच." पैसे तो फुटावर घेत होता. ४१० फुटांवर आमचेच पैसे संपले. आईच्या दोन म्हशी त्यात गेल्या. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र विहिरीच्या काठावर बसलात आणि विचारलंत, "मावशी, झरा कुठल्या अंगाला आहे?"

चाळीस वर्षं ती हे पाणी शेंदतेय. तिला हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ती सांगत गेली. मोठा झरा माळाच्या अंगाला, शेवटच्या पायरीखाली. पहिल्या पावसाने फुटत नाही, ओढा वाहिला की आठ-दहा दिवसांनी येतो. शेजारच्या विहिरीवर मोटर लागली की मंदावतो. तुम्ही सगळं वहीत उतरवलंत. ती 'परस' म्हणाली, तर तुम्हीही 'परस'च लिहिलंत. मग तिला वाचून दाखवलंत, "बरोबर आलंय ना, मावशी?"

सर, त्या दिवशी आई रात्री उशिरापर्यंत बोलत होती.

आमच्याकडे जमिनीखाली नदी वाहत नसते, हे तुमच्यामुळे कळलं. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकावर आहे. आमच्या पुरंदरात पावसाचं पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि फुटक्या खडकाच्या भेगांत. आमच्या रानात त्याखाली अखंड पाषाण आहे, तिथे पाणी राहायला जागाच नाही. आम्ही दोनदा तोच पाषाण फोडत बसलो होतो. आणि शेजाऱ्याचं पाणी वेगळं नाही, दोन्ही विहिरी एकाच भेगांवर जगतात.

गाळ काढला तेव्हा झऱ्याचं तोंड सापडलं, आई म्हणाली होती तिथेच, पायरीखाली. माळावर चर खणले. पत्र्यावरचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, हा हिशोब तुम्ही अंगणात काडीने मांडलात. आमच्या ६० चौरस मीटर पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३० हजार लिटर होतात. ते आजवर आम्ही रस्त्यावर सोडत होतो. विहिरीच्या वरच्या अंगाला असलेला संडासाचा खड्डाही तुम्ही हलवायला लावलात. पाणी नितळ होतं, म्हणून आम्हाला कधी शंकाच आली नव्हती.

शिकलेली माणसं पुष्कळ येतात आणि समोरच्याला अडाणी ठरवून जातात. तुमच्यासमोर माझी आई जाणकार ठरली. माणसाला असा मान देणारी माणसं आहेत, म्हणून पुन्हा कुणावर तरी विश्वास टाकावासा वाटला.

आता दर अमावास्येला ती पाणी मोजते आणि माझी मुलगी वहीत लिहिते. मुलीने रकान्यावर 'मीटर' लिहिलं होतं. आईने ते खोडून 'परस' करायला लावलं.