दुपारच्या ऑर्गनवादनालाही मैफलीचा मान मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या संगीतविषयक पानावर येणाऱ्या मैफलींच्या पूर्वसूचना आणि परीक्षणे मी आवर्जून वाचतो. चर्चमध्ये दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत होणाऱ्या ऑर्गनवादनाची बोळवण मात्र ‘प्रवेश विनामूल्य’ एवढ्या एका ओळीत होते. कलावंताचे नाव कधी असते, कधी नसते, आणि तो कोणत्या रचना वाजवणार हे तर सहसा छापलेच जात नाही. चर्चच्या ऑर्गनवादकाचे संगीतजीवन ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ही उपेक्षा खुपल्यावाचून राहत नाही.

हा वादक आठवडाभर वाजवत असतो आणि तरीही त्याचे वादन म्हणून ते क्वचितच ऐकले जाते. रविवारची उपासना, विवाह, अंत्यविधी, गायकवृंदाच्या तालमी, सगळीकडे तो साथीला असतो. ही साथ सोपी नव्हे. सारे सभागृह एकत्र गात असताना त्यांना श्वास घ्यायला कोठे उसंत द्यायची हे त्यालाच ठरवावे लागते. ऑर्गनच्या आवाज देणाऱ्या नळ्या दूरवर बसवलेल्या असतील तर पट्टी दाबल्यानंतर स्वर कानी पडायला क्षणभर उशीर होतो, म्हणून ऐकू येणाऱ्या आवाजामागे न जाता हातातली लय धरून ठेवावी लागते. आणि वेदीकडे पाठ असेल तर डोक्यावरच्या छोट्या आरशातून धर्मगुरूंकडेही लक्ष द्यावे लागते. सेवा आणि स्वतःचे संगीत यांतली ओढाताण फार जुनी आहे. जर्मनीतील आर्नश्टाटच्या चर्चमध्ये १७०३ पासून ऑर्गनवादक असलेला, पुढे थोर संगीतकार म्हणून गाजलेला तरुण योहान सेबास्टियन बाख १७०५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर चार आठवड्यांची रजा घेऊन, सुमारे ४०० किलोमीटरवरील ल्यूबेकला तेथील नामवंत ऑर्गनवादक बुक्सटेहूडे यांना ऐकायला गेला आणि जवळजवळ चार महिन्यांनी परतला. चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला जाब विचारला तो केवळ रजेचा नव्हे. स्तोत्रांच्या साथीत तो अनोळखी स्वर मिसळतो आणि त्यामुळे भाविक गोंधळतात, अशीही त्यांची तक्रार होती.

दुपारचे वादन ही त्या वादकाची स्वतःची वेळ असते, म्हणून मला ते इतके मोलाचे वाटते. या प्रथेमागे मोठी परंपरा आहे. ल्यूबेकच्या सेंट मेरी चर्चमध्ये सतराव्या शतकात व्यापारी बाजारपेठेत जाण्यापूर्वी जमत आणि ऑर्गनवादक त्यांच्यासाठी काही वाजवत असे. लंडनच्या व्यापारी भागातील कॉर्नहिल येथील सेंट मायकल चर्चमध्ये हॅरल्ड डार्क यांनी १९१६ मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात, सोमवारच्या दुपारचे वादन सुरू केले आणि १९६६ पर्यंत ते तेथे ऑर्गनवादक होते.

वाद्याविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनमध्ये धातूच्या पातळ जिभल्या (रीड) कंप पावतात, तर चर्चच्या मोठ्या ऑर्गनमध्ये शेकडो, कधी हजारो नळ्यांतून हवा वाहते. त्यांतली ३२ फुटी नळी सेकंदाला सुमारे १६ कंपनांचा असा खर्ज देते, की तो कानांपेक्षा बसायच्या बाकातूनच अधिक जाणवतो. पट्टी जोराने दाबली तरी स्वर मोठा होत नाही आणि दाबून धरली तर तो विरतही नाही. त्यामुळे वादकाची बरीचशी अभिव्यक्ती स्वर किती वेळ धरायचा आणि नेमका केव्हा सोडायचा यावर उभी असते. बाखच्या एफ मेजर या स्वरमेळातील टोकाटा या वेगवान रचनेमध्ये हात थांबतात आणि लांबलचक स्वरपंक्ती एकटे पाय, खालच्या पायपट्ट्यांवर, वाजवतात. पातळ तळव्याच्या बुटांची टाच आणि चवडा आळीपाळीने पडताना ज्याने पाहिले, तो या वादनाला पार्श्वसंगीत म्हणणार नाही. हे पाहता यावे म्हणून चर्चनी वादनाच्या वेळी एक साधा पडदा आणि कॅमेरा लावावा, असेही मला मनापासून वाटते.

शिवाय दोन ऑर्गन सारखे नसतात. पाहुण्या वादकाला तीच रचना प्रत्येक ठिकाणी नव्याने रंगवावी लागते: कोणते स्टॉप (वेगवेगळ्या नादाचे नळ्यांचे संच सुरू-बंद करणाऱ्या खुंट्या) जोडायचे, इथल्या घुमणाऱ्या जागेत किती सावकाश वाजवायचे, हे रिकाम्या चर्चमध्ये बसून ठरवावे लागते. पॅरिसच्या सें-सुल्पीस चर्चमध्ये १८७० साली तात्पुरत्या नेमणुकीवर आलेले ऑर्गनवादक आणि संगीतकार शार्ल-मारी विदोर १९३३ पर्यंत तेथेच राहिले आणि कावाये-कोलने घडवलेल्या तेथील ऑर्गनचे रंग त्यांच्या सिंफनींमध्ये उतरले. म्हणूनच वाद्य कोणी आणि केव्हा घडवले, हे वाचकाला सांगणे वादकाचे नाव सांगण्याइतकेच आवश्यक आहे.

तेव्हा माझी विनंती अशी की, पूर्वसूचनेत वादकाचे नाव, रचना आणि वाद्याचा निर्माता यांना जागा द्यावी, आणि अधूनमधून आपल्या संगीत समीक्षकांना दुपारच्या या वादनालाही पाठवावे. त्यांनी सायंकाळच्या मैफलीला लावतात तेच निकष येथेही लावावेत. वादन कमी पडले असेल तर तसे स्पष्ट लिहावे. कौतुकाच्या दोन गुळगुळीत ओळींपेक्षा अशा परीक्षणाचे मोल वादकाला अधिक वाटेल.

आपला विश्वासू,
एक नियमित श्रोता