कोयत्याच्या हिशेबात न धरलेले मूल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी 12 जूनला, म्हणजे बालमजुरीविरोधी दिनी, वर्तमानपत्रांतून जगभर राबणाऱ्या मुलांचे आकडे छापून येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये अशी मुले सुमारे 13 कोटी 80 लाख होती आणि त्यांतली 5 कोटी 40 लाख धोकादायक कामांत होती. बालमजुरी 2025 पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट जगातल्या देशांनी मान्य केले होते. ते साल सरले. या आकडेवारीतला एक तपशील मात्र सहसा बातमीच्या तळाशी जातो. या मुलांपैकी 61 टक्के मुले शेतीच्या कामात आहेत. बालकामगार म्हटले की आपल्याला हॉटेलात कपबश्या विसळणारा पोऱ्या आठवतो. आईबापांच्या शेजारी उसाच्या फडात वाकलेले मूल आठवत नाही, कारण ते ‘हाताखाली मदत करते’ अशी आपण आपली समजूत घालून घेतलेली असते.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर तीस वर्षे शिकवले. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उन्हाळ्या-पावसाळ्यात घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पार कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. उचल मिळते ती एका कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. या हिशेबात मूल कुठेच नसते, पण काम करताना ते सगळीकडे असते. बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधते, नऊ-दहा वर्षांचा मुलगा पाचट (उसाचा वाळका पाला) बाजूला सारतो, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतो, बैल हाकतो. मुलगी कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, थांबून धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. आई आजारी पडली तर खाडा लागू नये म्हणून थोरल्या मुलीला तिच्या जागी फडात उभे राहावे लागते. हंगामाच्या शेवटी टनांचा हिशेब होतो आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. टनेज मोठ्या माणसांच्या नावावर चढते, त्यात मुलाचे हात किती हे कुठल्याच कागदावर येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1986 च्या बालमजुरीविरोधी कायद्यात 2016 साली दुरुस्ती होऊन 14 वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास बंदी आली, हे चांगलेच झाले. मात्र शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीच्या दिवसांत, काम धोकादायक नसेल तर, मुलाने कुटुंबाला किंवा घरच्या धंद्याला मदत करण्याची सूट त्यात ठेवली आहे. ही सूट लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा दुकानात बापाच्या गल्ल्यावर बसणारा मुलगा असावा. ज्याची शाळाच तीनशे किलोमीटर मागे राहिली, त्याच्यासाठी ‘शाळेची वेळ सोडून’ या शब्दांना काय अर्थ उरतो? शिवाय ऊसतोड हा त्या कुटुंबाचा धंदा नव्हेच. ऊस शेतकऱ्याचा, तोडणीचे नियोजन कारखान्याचे, पैसा मुकादमाच्या हातून येतो. कुटुंबाचे स्वतःचे म्हणावे असे काही असेल तर ते डोक्यावरचे कर्ज.

उपाय झाले नाहीत असे मी म्हणणार नाही. कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालल्या. हंगामी वसतिगृहांची योजना तर आम्हा शिक्षकांच्या माहितीतली सर्वांत शहाणपणाची योजना होती: मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहते, आपल्याच शाळेत बसते आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. पण मी ज्या शाळेवर होतो तिथे मंजुरीचा कागद कित्येकदा गाड्या भरून गेल्यानंतर येई. पोराला कोण जेवू घालणार याचे उत्तर मिळाले नाही, तर आई त्याला ट्रॅक्टरमध्ये बसवणारच. तिला दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही. मग आम्ही काय करायचो? पटावर नाव ठेवायचो आणि एप्रिलमध्ये परतलेल्या मुलाला, जे दिवाळीपूर्वी वाचत होते आणि आता अक्षरे चाचपडते आहे, वरच्या वर्गात ढकलायचो. यात आमचाही दोष आहे आणि तो मी नाकारत नाही.

घाना आणि आयव्हरी कोस्टमधल्या कोकोच्या मळ्यांतही बहुतेक मुले घरच्यांबरोबरच राबतात. तरीही 2001 साली चॉकलेट कंपन्यांना या मुलांची जबाबदारी लेखी करारात मान्य करावी लागली. त्या कराराच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढवल्या गेल्या, हे खरे. पण माल विकणाऱ्याला निदान प्रश्न विचारला जातो. आपल्याकडे साखरेला तो कुणी विचारत नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तिचे मी स्वागतच करतो, कारण मजुरी पुरली तर मुलाचे हात लागत नाहीत. परंतु दराच्या वाटाघाटींत टनाचा भाव आणि मुकादमाचे कमिशन यांची जशी घासाघीस होते, तशी कोपीवरच्या मुलांच्या शाळेची झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक कारखान्याला दर हंगामात साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. कोयत्यांच्या यादीबरोबर त्यांच्यासोबत आलेल्या मुलांची नावे, वय, इयत्ता आणि मूळ शाळा यांची यादी देणे ही त्या परवान्याची अट करावी आणि ती यादी जवळच्या शाळेकडे व मूळ गावच्या शाळेकडे पाठवावी. हंगामी वसतिगृहांची मंजुरी तर पोळ्यापर्यंत हातात पडली पाहिजे, कारण कुणाला मागे ठेवायचे आणि कुणाला न्यायचे हे घराघरांत त्याच सुमारास ठरू लागते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. केज, जि. बीड