तो प्रश्न दारात विचारू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गर्भनिरोधक साधनांची माहिती वर्तमानपत्रांत अधूनमधून चौकटीत येते. गोळ्या, निरोध, तांबी, इंजेक्शन, नसबंदी. माहिती बरोबर असते. पण ती बाईपर्यंत कधी पोचते आणि कशी पोचते, यावर फारसं कुणी लिहीत नाही. मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मोठी मुलगी सात महिन्यांचीही झाली नव्हती. ते कसं घडलं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

पहिल्या बाळंतपणानंतर घरी सोडताना हातात कार्ड मिळालं. बाळाच्या लसींच्या तारखा, माझ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, टाक्यांची काळजी, ‘सहा आठवड्यांनी दाखवणे’, सगळं नीट लिहिलेलं. सहा आठवड्यांनी गेलो. टाके पाहून झाले, बाळाचं वजन झालं. मी पिशवी आवरून उठले, दाराच्या कडीला हात घातला आणि मागून डॉक्टरांनी विचारलं, “काही वापरताय ना?” बाहेर मुलगी रडत होती, नवरा तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता, बाकावर सात-आठ जणी थांबल्या होत्या. मी “हो” म्हटलं आणि बाहेर पडले.

आम्ही काहीच वापरत नव्हतो. नवरा म्हणायचा, “मी सांभाळतो.” आणि मला घरातल्या-शेजारच्या बायकांनी सांगितलं होतं, अंगावर पाजतेयस तोवर दिवस जात नाहीत. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच फसवं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, पाळी परत सुरू झालेली नसेल आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असेल, तर या काळात दिवस जाण्याची शक्यता शंभरात दोनहूनही कमी असते. पण तिन्ही गोष्टी एकत्र असायला हव्यात. माझी मुलगी सहा महिन्यांची झाली, वरचं खाणं सुरू झालं, रात्री सलग झोपायला लागली. पाळी आलेली नव्हती, म्हणून मी निर्धास्त. बाळंतपणानंतर स्त्रीबीज आधी सुटू शकतं आणि पाळी त्यानंतर येऊ शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पाळी आलीच नाही तर ती चुकली हे कळणार कसं? मळमळायला लागलं तेव्हा जागरणाने पित्त झालंय असं समजून मी काही दिवस काढले. सोनोग्राफी झाली तेव्हा अकरा आठवडे झाले होते.

मुलगा आता सहा वर्षांचा आहे. उद्या तो हे वाचेल म्हणून स्पष्ट लिहिते, तो आम्हाला नकोसा कधीच नव्हता. पण दोन बाळंतपणांत साडेपंधरा महिन्यांचं अंतर माझ्या शरीराला झेपलं नाही. एका मुलाच्या जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेसाठी किमान 24 महिने थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझं हिमोग्लोबिन साडेआठवर आलं होतं. मुलीला उचलून दोन पायऱ्या चढले तरी धाप लागायची. आणि तिचं अंगावरचं पिणं लवकर सुटलं, याची रुखरुख मला अजून आहे.

दुसऱ्या वेळी दवाखाना बदलला. सातव्या महिन्यात तिथल्या सिस्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि तळहातावर तांबी ठेवून दाखवली. इंग्रजी ‘टी’च्या आकाराची, जेमतेम तीन सेंटिमीटरची, बारीक तांब्याची तार गुंडाळलेली आणि खाली दोन दोरे. इतकी वर्षं ऐकत होते, पाहिली त्या दिवशी. यादी वाचून दाखवण्याऐवजी त्यांनी प्रश्नच विचारले. आणखी मूल हवंय का? हवं असेल तर किती वर्षांनी? रोज ठरल्या वेळी गोळी घेणं जमेल का? अर्धशिशी, रक्तदाब आहे का? पाळीत रक्त किती जातं?

आमच्या उत्तरांवरूनच निवड होत गेली. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवता येते आणि प्रकारानुसार दहा वर्षांपर्यंतही चालते. पण तिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं. माझं रक्त आधीच कमी, पाळीही आधीपासून जास्त, म्हणून आम्ही ती टाळली. नेहमीच्या दोन संप्रेरकांच्या गोळ्या बाळ अंगावर पीत असताना पहिले सहा महिने सहसा देत नाहीत. एकाच संप्रेरकाची गोळी चालते, मात्र ती रोज त्याच वेळी घ्यावी लागते. मी ती घेतली. रात्री नऊला फोनवर गजर लावला आणि तो बंद करायचं काम नवऱ्याने आपणहून घेतलं. हातात पाण्याचा पेला आणि गोळी देऊनच तो गजर बंद करायचा.

सिस्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती चौकटींत क्वचित दिसते. साधन न चुकता वापरलं तर किती उपयोगी आणि माणसं घरात जसं वापरतात तसं वापरलं तर किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. शंभर जोडप्यांनी वर्षभर निरोध दर वेळी अचूक वापरला तर दोघींना दिवस जातात, रोजच्या वापरात तेरा जणींना. गोळ्यांचं तसंच, अचूक घेतल्या तर शंभरात एकीलाही क्वचित, एरवी सात जणींना. आणि “मी सांभाळतो” या उपायात वीस जणींना. हा आकडा ऐकल्यावर नवरा बराच वेळ गप्प होता. तांबी आणि नसबंदीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, कारण रोज आठवण ठेवावी लागत नाही. गुप्तरोगांपासून मात्र निरोधच वाचवतो, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. तातडीची गोळी प्रसंग ओढवला तर जितक्या लवकर घ्याल तितकी बरी, पण ती दर महिन्याचं साधन म्हणून घेऊ नये.

आणखी मूल नको हे पक्कं झाल्यावर, मुलगा दीड वर्षाचा असताना, नवऱ्याने नसबंदी करून घेतली. तो त्याचा स्वतःचा निर्णय होता. शस्त्रक्रिया छोटीशी, त्याच दिवशी घरी आला. मात्र त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरावंच लागतं आणि मग वीर्य तपासून खात्री करून घ्यावी लागते. शुक्राणू नसल्याचा अहवाल आला, तो त्याने माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या फायलीत स्वतः लावला. तोवरची सगळी पानं माझ्या नावाची होती.

कुणासाठी कोणतं साधन, हे मी सांगू शकत नाही. मला नको असलेली तांबी माझ्या बहिणीला सहा वर्षं विनातक्रार चालली. माझी मागणी एवढीच, की हा प्रश्न सातव्या महिन्यात, खुर्चीवर बसवून, दोघांना विचारावा, आणि सहा आठवड्यांनी परत विचारावा. बाळाच्या लसींच्या तारखा ज्या कार्डावर लिहितात, त्यावर आणखी एक ओळ छापावी : पुढच्या गर्भधारणेबद्दल दोघांचं काय ठरलं? तिथे “हो” लिहून भागणार नाही, साधनाचं नाव लिहावं लागेल.

आपली,
दोन मुलांची आई, एक नियमित वाचक