गौरीला येणं होत नाही

युम्बे, युगांडा
ऑगस्ट

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आधी नकोशी बातमी सांगून टाकते. गौरीला येणं होत नाही. तिकीट पुढं ढकललंय, आता थेट दिवाळीनंतर. आई, फोनवर सांगितलं असतं तर तू नुसतं "बरं" म्हणून फोन बाबांकडं दिला असतास आणि मग दोन दिवस कुणाशी धड बोलली नसतीस. म्हणून हे लिहितेय. पानांचे फोटो दादाच्या फोनवर येतील, त्याला मोठे करून दाखवायला सांगा.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "तू त्या निर्वासितांची एवढी माहिती लिहून घेतेस, त्यातनं त्यांच्या पदरात काय पडतं?" रेंज गेली असं मी म्हणाले. रेंज होती.

आमच्या या निर्वासितांच्या वसाहतीच्या, बिडीबिडीच्या नावावरून तुम्ही केलेला विनोद मला पाठ आहे, पण जागा कशी आहे ते मी कधी नीट सांगितलंच नाही. तंबूंच्या रांगा आणि तारेचं कुंपण डोळ्यांपुढं असेल तर ते पुसून टाका. जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानात, जुबा शहरात पुन्हा लढाई पेटली आणि माणसं सीमा ओलांडून इकडं यायला लागली. ऑगस्टात ही वसाहत उघडली, डिसेंबरपर्यंत अडीच लाखांच्या वर लोक आले. चार-पाच महिन्यांत अख्खं इचलकरंजी उठून माळावर येऊन बसावं तसं. त्यात बहुतेक बायका आणि पोरंच. इथल्या २००६ च्या कायद्यानं निर्वासिताला काम करायची, देशात फिरायची मुभा आहे, आणि राहायला-पिकवायला जमिनीचा तुकडा मिळतो. तीस मीटर बाय तीस मीटर. तुम्ही मनात गणित केलं असणारच: नऊ गुंठ्यांना थोडं कमी.

ही जमीन सरकारी नाही. इथल्या आरिंगा लोकांच्या घराण्यांची, वाडवडिलांपासून चालत आलेली. सातबारा नाही, मोजणी नाही, नकाशा नाही. देताना काय ठरलं, हे दहा जणांना विचारलं तर दहा गोष्टी ऐकायला मिळतात. तुम्हाला इथं रात्री झोप लागली नसती.

मग दिली कशी? एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं. १९७९ मध्ये इदी अमीनची सत्ता गेली. अमीन या पश्चिम नाईल भागातला, म्हणून त्याच्यानंतर आलेल्या सैनिकांनी सूड इथल्या लोकांवर काढला. हजारोंनी सुदानात आणि झाईरमध्ये, म्हणजे आताच्या काँगोत, पळून गेले, त्यात हेही होते. "तेव्हा तिकडं आम्हाला ज्यांनी जागा दिली, त्यांचीच ही पोरं," म्हणाले. मी भारावून लिहीत होते, तर त्याच दमात त्यांनी तक्रारींची माळ लावली. कबूल केलेला रस्ता आला नाही, सरपणासाठी माझी झाडं तोडतात, छपराचं गवत शिल्लक ठेवत नाहीत. मला हे दुसरं ऐकूनच जास्त बरं वाटलं. बाहेरून आलेले लोक पहिला अर्धा भाग लिहून निघून जातात.

आता तुमचा प्रश्न. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न आहे: काल घरात किती वेळा जेवण झालं? एका बाईनं उलट मलाच विचारलं, "तू कितवी?" मग म्हणाली, "मागच्या पोरीनं हेच विचारलं होतं. तेव्हा रेशन जास्त होतं." खरंच आहे. २०२० मध्ये रेशन ७० टक्क्यांवर आणलं, २०२१ मध्ये ६० टक्क्यांवर, आणि पुढंही कात्री थांबली नाही. मी लाजले, पण फॉर्म पूर्ण भरला. उठताना तिनं ओंजळभर वाळवलेली भेंडी दिली. बामिया म्हणतात. आई, तू गवारी वाळवतेस ना, अगदी तशी.

म्हणजे पदरात लगेच काही पडत नाही, बाबा. मात्र रेशन किती द्यायचं हे तक्ते बघून ठरवतात, आणि तक्त्यात या नऊ गुंठ्यांची "शेती" होते. त्यातला निम्मा तुकडा खडकच आहे, हे कुठल्या रकान्यात बसत नाही. तेवढं मी मोजून लिहितेय.

येताना मासिंडीजवळ न्याब्येयाला थांबले होते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांनी बांधलेलं चर्च तिथं अजून उभं आहे. आजी ज्यांच्या गोष्टी सांगायची, त्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीतल्या पाच हजार पोलिश लोकांचेच हे भाऊबंद. रशियातून सुटून इराणमार्गे काही आपल्याकडं आले, काही इकडं. पुढं वळिवड्याच्या त्या बराकींत सिंधी आले आणि गांधीनगर झालं. आई, गौरीची साडी तू तिथूनच आणतेस. या वर्षी माझ्या वाटणीची ओटी तूच भर.

मुक्काम वाढवला तो एका चिंचेच्या झाडापायी. आरिंगा घराणं म्हणतं, आम्ही त्या चिंचेपर्यंतच जमीन दिली. वसाहतीतले म्हणतात, पलीकडच्या ओढ्यापर्यंत. चिंच तोडून सरपण झालंय, बुंधासुद्धा राहिलेला नाही. दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवून नकाशा काढायचं ठरलंय, मलाही बसायला बोलावलंय.

बाबा, हद्दीची खूणच नाहीशी झालेली असली की मोजणीला गेल्यावर तुम्ही जबाब कोणाचे आधी घ्यायचात? भांडणाऱ्यांचे, की शेजारच्या म्हाताऱ्यांचे? आणि सगळ्यांना एकदम उभं करायचात की एकेकट्याला? सविस्तर लिहा. फोनवर सांगू नका, वहीत आकृती काढून तिचा फोटो पाठवा. बैठक पुढच्या गुरुवारी आहे.

तुमची,
सोनू