आयेचं नाव

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात देवरुखला जाऊन आलो. तहसील कचेरीत गेलो होतो आबांच्या वारसनोंदीसाठी. त्यासाठी जुन्या फेरफारांच्या, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदींच्या, नकला काढल्या आणि त्यांत तुझी पणजी सापडली.

आबा तिला ‘आये’ म्हणायचे, म्हणून आम्हीही आयेच म्हणत आलो. मी तिला पाहिलेलं नाही. तिचं नाव काय होतं हे आबांना एकदाही विचारलं नाही, आणि आता विचारायला आबा नाहीत. ही चुटपुट मला फार दिवस होती.

पणजोबा परळला गिरणीत होते. 1944 साली ते वारले, तेव्हाचा फेरफार मोडीत आहे. जमीन दुसऱ्याची, आपण कुळ. कुळ म्हणून आबांचं नाव लागलं, पण आबा लहान. म्हणून पुढे ‘अ.पा.क. आई’, मग तिचं नाव, मग ‘कोम’ आणि पणजोबांचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे वयात न आलेल्या मुलाचा सांभाळ करणारा; कोम म्हणजे अमक्याची बायको. दुसरा फेरफार 1954 चा: मुलगा सज्ञान झाला, सबब अ.पा.क. शेरा कमी केला. त्यानंतर एकाही सरकारी कागदावर ती नाही.

सज्ञान तरी कसा झाला बघ. शाळेच्या रजिस्टरात आबांची जन्मतारीख 1 जून 1936. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जूनच असते, कारण पोर शाळेत घालताना मास्तर अंदाजाने तीच लिहायचे. गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, कोतवाल बुकात, मात्र नोंद आहे सप्टेंबर 1937 ची. बाळाचं नाव नाही, नुसतं बापाचं नाव आणि ‘मुलगा’. म्हणजे मास्तरांनी टाकलेल्या तारखेमुळे आयेचं नाव सव्वा वर्ष आधीच कमी झालं.

घरी आलो आणि माळ्यावरची आबांची ट्रंक उघडली. खंडाच्या, म्हणजे मालकाला घातलेल्या भाताच्या, पावत्या सुतळीने बांधून ठेवलेल्या, 1945 पासूनच्या. भात किती मण, किती पायली, आणि प्रत्येकीवर शेवटी ‘हस्ते आई’. 1954 ची पावती मी धडधडत्या छातीने काढली. हस्ते आई. 55 ची, 56 चीही तशीच. फेरफाराने तिला काढलं होतं, पण भात डोक्यावर घेऊन मालकाच्या दारात तीच जात होती, आणि पावती घेतल्याशिवाय परतत नव्हती! लिहिता-वाचता येत नसलेल्या बाईला कागदाची किंमत कुणी सांगितली असेल, मला कळत नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 ला कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं. मग कलम 32ग खाली किंमत ठरली, हप्ते फिटले आणि 32म चं प्रमाणपत्र आबांच्या नावाने आलं. कसत होतो आणि खंड भरत होतो, हे दाखवायला आपल्याकडे दुसरं काय होतं? त्या पावत्याच. आबांचं शिक्षण, माझी नोकरी, तुझं कॉलेज, सगळं त्या 1 एकर 12 गुंठ्यांच्या आधाराने उभं राहिलं. आपण आजवर ‘आबांची जमीन’ म्हणत आलो. मी यापुढे तसं म्हणणार नाही.

तिचं माहेर अजून सापडलेलं नाही. मे महिन्यात आलीस की नाशिकला जाऊ, आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्याची नावं लिहिलेली असतात, तिथे कदाचित काही निघेल.

1944 च्या फेरफाराची झेरॉक्स सोबत पाठवतो आहे. तिचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. तू मोडीचा वर्ग केला आहेस, तूच वाच. मोडीत रेघ आधी ओढतात आणि शब्द सुटे करत नाहीत, तेव्हा ‘आई’ शोध आणि ‘कोम’ शोध. त्या दोहोंच्या मध्ये तीन अक्षरं आहेत. लागली की रात्री कितीही वाजले तरी फोन कर.

तुझा,
बाबा