सोलापुरात बसून वादळ शिकवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री दीड वाजता वादळ संपलं. म्हणजे माझ्या कादंबरीतलं, अकराव्या प्रकरणातलं, ज्याने माझी अडीच वर्षं खाल्ली ते. शेवटची ओळ टाईप केली आणि तुम्हालाच फोन लावायला गेले, मग घड्याळ बघितलं आणि फोन ठेवून दिला. खरं तर तुम्ही रत्नागिरीला निघालात आणि मी एसटी स्टँडवर सोडायला आले होते तेव्हाच बोलायचं होतं, पण कंडक्टर तुमच्या ट्रंकेवरनं भांडत होता, काकू पिशव्या मोजत होत्या आणि मी नुसतीच "पाण्याची बाटली घेतली का" विचारत उभी. वेळेला माणूस असलंच काहीतरी बोलतो बघा. म्हणून हे पत्र. आमच्या कारखान्यात माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांनी तुम्हाला फोनवर वाचून दाखवायचं कबूल केलंय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण हे वाचायला पाहिजे असे अजून दोन-तीन लोक आहेत.

त्यांचं आधी उरकते, म्हणजे राग एकदाचा निघेल.

तुम्हाला माहितीच आहे, मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. दिवसभर जीएसटी आणि सुताची बिलं, आणि रात्री भांडी आवरली की माझं दुसरं जग, जिथे दोन चंद्र आहेत, सूर्य पश्चिमेला उगवतो आणि समुद्रावर हाकारं सुटतं. हाकारं म्हणजे साधं वादळ नाही, ते खलाशांना नावाने हाक मारतं आणि जो ओ देतो तो गेला. आता ही कल्पना काही आभाळातनं पडली नाही. आमची आजी कन्नड बोलणारी, ती सांगायची रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, आणि तिकडे कर्नाटकात लोक दारावर "नाळे बा" लिहून ठेवायचे, म्हणजे उद्या ये. दाराशी हाक मारत आलेली हडळ ते वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते. माझ्या गोष्टीत खलाशी डोलकाठीवर हेच लिहितात. मला तर वाटत होतं काय भारी सुचलंय.

एका लेखन कार्यशाळेला पैसे भरून गेले, गाव सांगत नाही. तिथल्या सरांनी चार पानं चाळली आणि भर वर्गात विचारलं, "सोलापूरला समुद्र कधी आला?" सगळे हसले. मग म्हणे तुमच्या मातीतलं लिहा, गिरणी, विड्या, दुष्काळ. म्हणजे आम्ही जन्मभर दुष्काळच लिहायचा का ओ? एका प्रकाशकाकडून आठ महिन्यांनी एक ओळ आली, "वादळ विश्वासार्ह वाटत नाही." नाही वाटत तर का नाही वाटत ते तरी सांगा की. आणि एक ओळखीचे, ज्यांचं बालपण समुद्राच्या लाटांवर गेलं असं ते प्रत्येक लग्नात सांगतात, त्यांना ते प्रकरण पाठवलं तर अंगठा आला. नुसता अंगठा.

झालं, राग संपला. (संपला नाही, पण पुढे जाऊ.)

जॉबरमामा एक दिवस लूम बंद होता म्हणून माझ्या टेबलाशी चहा पीत बसलेले, त्यांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "आमचे दाजी बोटीवर होते, विजापूर रोडला असतात, दिवसभर बाल्कनीत बसून असतात, विचार की त्यांना." मला वाटलं अजून एक हसणारा वाढेल. तरी आले. तुम्ही दार उघडलंत, कागद हातात घेतले आणि तिथेच उंबऱ्यात उभं राहून वाचायला लागलात, काकू आतनं ओरडतायत अहो पोरीला आत तरी घ्या. मी तुमच्या भिंतीवरचं ते पितळी यंत्र, हवेचा दाब मोजणारं बॅरोमीटर, बघत बसले. काचेखाली इंग्रजीत फेअर, चेंज, रेन लिहिलेलं आणि सुई सगळं सोडून स्टॉर्मीच्या जवळ. मी म्हटलं बंद पडलंय वाटतं. तुम्ही कागदातनं मान वर न काढता म्हणालात, "बंद नाय. समुद्रावरचं आहे ते, तिथे १०१३ मिलिबार दाखवतं. सोलापूर साडेचारशे मीटर उंच, इथे ९६०च्या आसपास. समुद्रावर दाब एवढा पडतो तो वादळातच, म्हणून त्याला वाटतंय आपण वादळात आहोत." स्क्रू फिरवून नीट करता येतं, तरी तुम्ही वीस वर्षं केलं नाहीत. का, तर म्हणे खोटं कशाला बोलायला लावू त्याला.

मग तो पहिला प्रश्न. मी हसण्याची वाट बघतेय आणि तुम्ही विचारलंत, "अगो, तुझ्या जगात सूर्य पश्चिमेला उगवतो ना? मग वादळ उलटं फिरायला पाहिजे."

काका, मला तेव्हा घशात काहीतरी अडकलं. तो सूर्य मी दुसऱ्या प्रकरणात नुसत्या स्टाईलसाठी पश्चिमेला उगवायला लावला होता, मलाच आठवत नव्हता. आणि तुम्ही त्याचा हिशेब लावत होतात. आपल्याकडे वादळ घड्याळाच्या उलट फिरतं कारण पृथ्वी अशी फिरते, विषुववृत्ताच्या खाली गेलं की सुलट. माझी पृथ्वी उलटी फिरते तर आपल्या उत्तरेत जे डावं ते तिथे उजवं. आपल्याकडे वादळ ज्या दिशेने चाललंय त्याच्या उजव्या हाताला बोट सापडली तर हाल जास्त, कारण वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिळतो. माझ्याकडे तो डावा हात. काकूंच्या परातीत पाणी, त्यात शेंगेचं टरफल, आणि तुम्ही उलथन्याने पाणी फिरवून ते टरफल कुठे बुडतं ते दाखवताय. चार वेळा बुडलं. पाचव्या वेळी मी वाचवलं.

पुढच्या रविवारांचं सगळं इथे लिहीत बसत नाही. पण माझं जुनं वादळ किती खोटं होतं ते आता मला कळतं. ते एकदम यायचं, सिरीयलमधल्या सासूसारखं. तुम्ही सांगितलंत आधी लाट येते. वारा अजिबात नाही, आभाळ चांगलं, आणि लांबून एक जाड, संथ लाट येत राहते, कारण लाट वादळाच्या पुढे पळते. आणि सुई. गरम समुद्रावर हवेचा दाब दिवसातनं दोनदा चढतो दोनदा उतरतो, दहाच्या सुमाराला वर, चारच्या सुमाराला खाली, सकाळी पण आणि रात्री पण. तो नेम सोडून सुई तीन मिलिबार खाली आली तर शंका, पाच आली तर तयारीला लागायचं. मला खरं वाटेना म्हणून तुम्ही मला एका रविवारी सकाळी दहाला बोलावलंत आणि चारपर्यंत सोडलं नाहीत. काचेवर बोटाने टकटक करायची, सुई किंचित हलते, वहीत लिहायचं. सोलापुरात, मेच्या उन्हात, पंखा घरघरतोय, आणि चारला सुई खरंच खाली! मी ओरडलेच. काकू म्हणाल्या आता दोघं झाले.

त्याच दिवशी तुम्ही ऑक्टोबर २०२० चं सांगितलंत. बंगालच्या उपसागरातलं ते वादळ काकीनाड्याजवळ चढलं, तेलंगण ओलांडून आपल्या डोक्यावरनं अरबी समुद्राकडे गेलं, पंढरपुरात पाणी शिरलं तेव्हा. तुम्ही रात्रभर खुर्ची टाकून सुईसमोर बसलेला. म्हणजे कार्यशाळेतल्या सरांना उत्तर आहे माझ्याकडे आता. सोलापूरला समुद्र आला नाही, पण समुद्रातलं वादळ आलं होतं, आणि त्या रात्री त्याची नोंद ठेवणारा माणूस विजापूर रोडला जागा होता.

शिडांचं पण तसंच. मी डोंगराएवढ्या वाऱ्यात सगळी शिडं फुगवून ठेवलेली, वाक्य छान होतं म्हणून. तुम्ही वडिलांच्या गलबतावर पोरवयात काम केलेलं, तुम्ही नुसतं कपाळाला हात लावलात. मग म्हणालात पूर्वी वाऱ्याचे नंबर जहाज किती शीड पेलतं त्यावरनं लावायचे, बारा नंबर म्हणजे कुठलंच कापड टिकत नाही. "तुमच्या सोलापूरचंसुद्धा नाय."

आणि वादळाचा डोळा, म्हणजे वादळाची मधली शांत जागा. मी तिथे समुद्र आरशासारखा गुळगुळीत केला होता, वर दोन चंद्र. तुम्ही म्हणालात वारा थांबतो, लाटा थोड्याच थांबतात, त्या सगळ्या बाजूंनी येऊन एकमेकींवर आपटतात, डेकवर दमलेले पक्षी येऊन पडतात आणि माणसाजवळ गेलं तरी उडत नाहीत. मी मान खाली घालून लिहून घेतेय आणि तुम्ही हळूच म्हणालात, "तुझी ती हाक. बारा नंबरच्या वाऱ्यात शेजारच्याचं ऐकू येत नाय, हाक कशी येईल? हाक इथे येईल. वारा थांबला की." माझं अख्खं प्रकरण त्या एका वाक्याने जागेवर बसलं. अडीच वर्षं मी हाकाऱ्याला ओरडायला लावत होते.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितेय ती हीसुद्धा नाही. ज्ञान काय, पुस्तकातपण मिळालं असतं, उशिरा का होईना.

तुम्ही रत्नागिरीला कायमचं जायचं ठरलं त्या आठवड्यात जॉबरमामांनी कारखान्यात एक लिफाफा आणून दिला. आत एक फुलस्केप कागद, पट्टीने रेघा मारलेल्या, वर "गलबत पाकोळी", माझ्या गोष्टीतलं गलबत, आणि खाली रकाने, वेळ, दिशा, वारा, समुद्र, दाब, शेरा. तुम्ही माझ्या वादळाचं लॉगबुक भरलं होतं. बत्तीस वर्षं खऱ्या बोटींवर जसं बघितलं तसं, शिसपेन्सिलीने, खाडाखोड न करता. शेऱ्याचा रकाना मला पाठ झालाय.

"१६.०० वारा नाही. लांब लाट. दाब ५ ने खाली. शिडं उतरवली. मास्तर झोपलेले, उठवलं."

"२०.०० डोलकाठीवरचं 'उद्या ये' पावसाने गेलं. पुन्हा लिहिलं."

"००.४० वारा एकदम बंद. लाटा चारी बाजूंनी. डेकवर पक्षी. सुकाण्याला हाक आली. ओ दिली नाही."

"००.५५ पुन्हा हाक. आईच्या आवाजात. ओ दिली नाही. सुकाणू तसंच."

"०१.१० भंडाऱ्याने सगळ्यांना चहा दिला."

आईच्या आवाजात हे माझ्या गोष्टीत नव्हतं. ते तुम्ही आणलंत. कुठून आणलंत ते मी विचारलं नाही, विचारणार पण नाही. आणि चहा. माझ्या जगात चहाच नव्हता काका, आता आहे, त्याच्यासाठी आठव्या प्रकरणात एक अख्खं बेट घालावं लागलं. भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, आधीच्या खर्ड्यात पहिल्या लाटेत मरायचा, तुम्ही एवढंच मागितलं होतंत की त्याला मारू नकोस, बोटीवर भंडारी गेला की सगळे जातात. नाही मारला. शेवटपर्यंत आहे.

माझे पप्पा पॉवरलूमवर होते. शेजारच्या मागावर धागा तुटला आणि तो कामगार लघवीला वगैरे गेलेला असला तर पप्पा जाऊन गाठ मारून यायचे, सांगायचे पण नाहीत. त्याचं कापड मोजून पैसे त्याला मिळणार, यांना काय. लहानपणी मला ते बावळटपणा वाटायचा. तो कागद हातात घेऊन कारखान्याच्या जिन्यात बसले तेव्हा पप्पांची ती गाठ आठवली. माणसाला एखादी गोष्ट येते म्हणजे ती दुसऱ्याच्या डोक्यात हाणायलाच येते असं मी समजत चालले होते, गेल्या काही वर्षांत भेटले पण तसलेच.

कागदाच्या तळाला "पाळीवर" असं लिहून पुढे सहीची जागा, आणि तिथे फक्त "सुकाणी". मी फोन करून विचारलं नाव का नाही लिहिलं. तुम्ही म्हणालात, "अगो, या वादळात नाव लिहायचं काय?"

म्हणून मी पण इथे तुमचं नाव लिहिलेलं नाही. लोक विचारतील, विचारू देत.

दोन कामं आहेत. एक, जॉबरमामांबरोबर सहा टॉवेल पाठवतेय, सेकंडचे नाहीत, फर्स्ट क्वालिटी आहेत, पैशाचं बोलायचं नाही. दुसरं, ते पितळी यंत्र तुम्ही मांडीवर धरून एसटीत बसलात ते मी बघितलं. घाटातनं खाली उतरताना सुई हलली का? आणि आता तिकडे घरात लावलं असेल तर कुठे आलीय? सकाळी दहाला एकदा काचेवर टकटक करून बघा आणि आकडा कळवा, वहीत इथलं शेवटचं पान तसंच ठेवलंय.

तुमची,
(नाव लिहीत नाही.)